नापास झाली असती म्हणे!

आलिपूरच्या कोर्टात मी माझ्या स्कूटरच्या अपघाताच्या दाव्यासाठी जायचे. दर तारखेला एक कॉलेजची मुलगी शेजारी कुबडी टेकवून तिखट मुरमुऱ्यांची झालमुडी खात बसलेली असायची. बसच्या धक्क्याने तिचा पाय मोडला होता. कॉलेजचं वर्ष बुडालं, त्याची भरपाई ती मागत होती.

"आत तरी रडवेली दिस," तिचे वकील बजावायचे. ती लगेच ओठ काढायची आणि पुढच्याच क्षणी फिस्सकन हसायची.

त्या दिवशी विमा कंपनीचे वकील म्हणाले, "परीक्षेला बसली असती, तरी ही नापासच झाली असती. मग नुकसान कसलं?"

झालं! बाईसाहेब ताडकन उभ्या राहिल्या आणि पचनसंस्थेचा धडा घडाघडा म्हणू लागल्या. जठरापाशी पोचल्या तेव्हा न्यायाधीशांनी हात वर केला. तिच्या वकिलांनी कपाळ धरलं होतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अगं, अशी ताडकन उभी राहिलीस, तर भरपाई कमी मिळेल."

"मिळू दे, काकीमा. पण नापास झाली असती असं कोर्टानंच लिहून दिलं, तर आई गल्लीत तोंड कसं दाखवेल?"

मग तिला आठवलं, कुबडी आतच राहिली. माझ्या खांद्याचा आधार घेत ती लंगडत परत निघाली. दारापाशी आल्यावर मात्र आठवणीनं ओठ काढला.