ताटात तीन एन्चिलाडे

मंडळी, आज घरी पहिल्यांदा चिकन एन्चिलाडे केले. पोळीत चिकन गुंडाळलं, वर टमाट्याची चटणी नि चीज घालून भाजलं. रेसिपीच्या फोटोत होते तसे प्रत्येक ताटात तीन ठेवले. नवरा तलावावर मासोळ्या धरायला गेलेला, त्याचं ताट झाकून ठेवलं.

सासूबाईंनी झाकण उचललं. "तीन पोळ्या कोणाले वाढतेत, मालूम नाही का तुले?"

आमच्याकडे तीन पोळ्या मेलेल्या माणसाच्या ताटात वाढतात.

"आई, ह्या पोळ्या नाहीत," मी हसत म्हटलं. त्या हसल्या नाहीत. आपल्या ताटातला एक उचलून त्याच्या ताटात ठेवला नि दारात जाऊन बसल्या.

आता अंधार पडला. त्याचा फोन लागून नाही राहिला. असलं काही मी मानत नाही. तरी खरं सांगा, चौथी पोळी मागून वाढली तर चालते ना?