शाळेच्या फाटकाशी उभ्या राहिलेल्या डॉक्टरीणबाई

धाड गावच्या बाजाराला निघालात की पिशवी घरी विसरणारी माणसं तुम्ही. करोनाची साथ तर केव्हाच विसरला असाल. म्हणून डॉ. कुसुमताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तकात मी बोलते आहे. मला अक्षर येत नाही, नात लिहून घेते आहे.

आमची पहिली भेट गावच्या शाळेत झाली. आजाराची लागण झालेल्यांना तिथे वेगळं ठेवलं होतं, त्यांत माझे धाकटे दीरही होते. मी खिडकीतून डबा देऊ लागले, तर मागून कुसुमताईंनी दटावलं, "आजी, डबा खाली ठेवा अन् मागे व्हा."

"बाई, दीर हायेत माह्ये, वाघ नाही."

"वाघ बरा, दिसतो तरी."

तेव्हापासून आमचं जमलं.

मग आमच्या पुढाऱ्यांच्या वडिलांची तेरवी, म्हणजे तेराव्याचं जेवण आलं. त्या दिवशी सगळ्या भाऊबंदांनी एका पंगतीत जेवायचं, ही आमची रीत. आणि शाळेत होते ते बहुतेक भाऊबंदच. पुढारी फाटकाशी आले.

"ताप उतरला ना या लोकायचा? मंग कोंडून काऊन ठेवलं?"

"ताप उतरला तरी लागण होते. मुदत पुरी व्हायची आहे."

"मले लोकाईले तोंड दाखवा लागते, बाई."

"मलाही यांच्या बायकापोरांना तोंड दाखवायचं आहे," कुसुमताई म्हणाल्या. सोडण्याच्या कागदावर त्यांनी सही केली नाही. तरी वरून फोन आला आणि फाटक उघडलं.

पंगत झाली. दीर घरी आले. त्यांच्यामागून त्यांची बायको, माझी जाऊ गया, तापली, आणि गेली. गावात आणखी सरणं पेटली.

मौतीच्या घरी चूल पेटत नाही. भाऊबंद कडू घास आणतात. गयाच्या वेळी त्या पंगतीतला एकही आला नाही. कुसुमताई आल्या. पिठलं-भाकरी अंगणात ठेवून लांब लिंबाखाली बसल्या. दीर जेवेनात. "म्याच आणलं घरात," म्हणत राहिले.

"फाटक तुम्ही उघडलं नाही, भाऊ. खा."

त्यांनी घास घेतला तेव्हाच ताई उठल्या. पुढे लवकरच ताईंची दूर संग्रामपूरकडे बदली झाली. काऊन, ते कोणी विचारलं नाही.

आता सत्कारात तेच पुढारी हार घालणार आहेत म्हणे. घालोत.

उदंड आयुष्य सगळेच मागतील. मी मागते, कुसुमताईंना दम न लागता रात्रभर झोप मिळो. त्या साथीत त्यांनाही लागण झाली आणि छाती कायमची अधू झाली. तळलेलं खाल्लं की खोकला थांबत नाही. तेव्हा सत्कार समितीनं बुंदीचे लाडू पाठवू नयेत. ज्वारीच्या कण्या पाठवा, मऊ शिजवून, सोबत पातळ वरण, गरम असतानाच.