दौलतनानांची कपाशीची फुलं

आमच्या घरात कापूस भरपूर होता आणि ऊब कमी. वडील धुळ्याच्या एका जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हमाल, आई तिथेच कापूस निवडायला. दोघांच्या अंगाला रोज रुई चिकटून यायची, पण हिवाळ्यात मला शाळेत जायचं तर पोलक्यावर वडिलांचा जुना सदरा घालावा लागे. बाह्या चारदा दुमडलेल्या. मुली मला 'हमाल' म्हणत. मला त्याचं वाईट वाटे, आणि ते मी आजही लपवत नाही.

दौलतनाना त्या शाळेचे शिपाई. आमच्याच गल्लीत राहायचे. घंटेखाली स्टूल टाकून दिवसभर लोकर विणत बसत. भरघोस मिशा, डोक्याला फेटा आणि हातात दोन सुया. तास संपायची वेळ झाली की मुख्याध्यापक दारातून म्हणत, "नाना, घंटा."

"चार टाके रह्यनात, सर. ओळ अर्धी सोडी तं रंग चुकस."

मग चार टाके पुरे होत आणि घंटा वाजे. स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं होतं, तरी आमच्या शाळेची वेळ नानांच्या सुयांवर चालायची.

हे वेड त्यांना लढाईत लागलं. फौजेत असताना डाव्या हाताला जखम झाली, बोटं आखडली. परमुलखातल्या दवाखान्यात एका नर्सबाईने बोटं हलती राहावीत म्हणून सुया हातात दिल्या. एक रंग उजव्या बोटावर, दुसरा डाव्या. "औषध म्हनी लिधं," नाना सांगत, "आनि मंग औषधच गोड लागनं." बोटं केव्हाच बरी झाली होती, पण विणणं सुटलं नाही. गल्लीतल्या बाया चिडवत, "नाना, आते पापडभी लाटा." नाना मान वर न करता म्हणत, "पीठ भिजाडी ठेवा, ओळ व्हई की येस."

बाजारची लोकर त्यांना आवडत नसे. गावाबाहेर ठेलाऱ्यांचे मेंढ्यांचे कळप उतरले की नाना पोतं घेऊन जात, काळी-पांढरी लोकर आणत आणि चालता चालता टकळीवर कातत. पळसाच्या फुलांचा पिवळा, मंजिष्ठेचा तांबडा असे रंग ते घरच्या पातेल्यात करत. ते पातेलं नंतर नानींनी स्वयंपाकात कधी घेतलं नाही.

कोणी विणकामाची तारीफ केली की नाना ते उलटं करून पुढे धरत. दोन रंगांच्या विणीत जो रंग पुढे नसतो तो मागून धावत असतो. तो ताणला तर कापड आकसतं, सैल सोडला तर बोटं अडकतात. "पुढतीन कोन्हीभी शहाणं दिसस," ते म्हणत. "मांगतीन देख."

मी मॅट्रिक झाले आणि जळगावच्या कॉलेजात गेले. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली. त्याच सुमाराला नानांनी एक स्वेटर हाती घेतला. पांढऱ्या लोकरीवर कपाशीची फुलं. कपाशीचं फूल आज पिवळं उमलतं आणि उद्या तांबूस होतं, म्हणून एक ओळ पिवळी, एक तांबडी. सगळी लोकर त्यांनी कातलेली, सगळे रंग त्यांचे. दोन हिवाळे गेले. तालुक्याच्या शेतकी प्रदर्शनात तो स्वतःच्या नावाने लावायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

सुट्टीत आले होते म्हणून नाव नोंदवायला मी बरोबर गेले. कारकून म्हणाला, "नाना, हा विभाग महिला हस्तकलेचा. पुरुषांसाठी बैल आहेत, अवजारं आहेत, केळीचे घड आहेत. मंडळींचं नाव टाका, झालं."

"तिले सुईनं टोक कोन्त्या बाजूले ऱ्हास तेभी ठाऊक नही," नाना म्हणाले. "खोटं नाव टाकाव नही."

वरच्या साहेबांशी दुसऱ्या दिवशी बोलायचं ठरवून त्यांनी स्वेटर माझ्याकडे ठेवायला दिला. आईला त्याला मेंढीचा वास आला. एवढी सुंदर वस्तू साहेबापुढे वासाची कशी न्यायची? मी बाहेर गेले असताना तिने तो धुतला. आम्ही कापसाची माणसं. आमच्याकडे कपडा धुणं म्हणजे सोडा टाकून खळखळा उकळणं आणि धोपाटण्याने बडवणं. तिने तेच केलं, आणि मनापासून केलं.

मी परत आले तर आई दोरीखाली बसली होती. दोरीवर दोन वर्षांच्या पोराला बसेल एवढा, पुठ्ठ्यासारखा कडक गोळा. तांबडा रंग सगळीकडे उतरलेला.

नाना आले. आई म्हणाली, "नाना, मी घात करा." नानांनी स्वेटर हातात घेतला आणि सवयीने उलटा केला. मागच्या बाजूवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मांगला दोरा एकभी दिसत नही. बठ्ठा, पुढला-मांगला, एक व्हई ग्या."

आई रडायला लागली. नाना उंबऱ्यावर बसले. "रडू नको, भागाबाई. तू कापसानी, मीभी कापसाना. मी पहिलं सूत कातं ना, कापसासारखा पीळ दिधा. ठेलारी देखीसन हसना. बोलना, नाना, या सूतनी बैल बांधशी का? आते तू कात. लोकरले पीळ कमी देवो, बस."

"मी?" आई म्हणाली.

"मंग काय, मास्तर ठेवू?"

पुढचे दोन हिवाळे आई जिनातून आली की टकळी घेऊन बसे. पहिल्या महिन्याचं सूत खरोखर बैल बांधण्याजोगं होतं. मग हात हलका झाला. एक दिवस नानांनी तिचा धागा उजेडाकडे धरला, स्वतःचा शेजारी धरला, आणि म्हणाले, "मन्हापेक्षा बरं शे." धागा खाली ठेवत म्हणाले, "नानीले सांगू नका."

नानांच्या सुयांवर पुन्हा फुलं उमलली. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. प्रदर्शनात स्वेटरला लावायची चिठ्ठी लिहायला नानांनी मलाच बसवलं, अक्षर चांगलं म्हणून. काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं, 'सूत : भागाबाई. वीण : दौलत.' वर सूत, खाली वीण, असं बजावून.

तोच कारकून होता. त्याने वाचलं. "बाईंनी खरंच कातलंय?"

"टकळी आनू का?" आईने विचारलं.

"मग बसतं महिला विभागात," म्हणत त्याने चिठ्ठी स्वेटरला टाचली. स्वेटर तीन दिवस टांगलेला होता. बक्षीस एका भरतकामाच्या चादरीला मिळालं. नाना तिन्ही दिवस शाळेला सुट्टी टाकून तिथे उभे राहिले आणि येईल त्याला स्वेटर उलटा करून दाखवत राहिले. आईला वाचता येत नव्हतं. तिने चिठ्ठीकडे बोट करून मला विचारलं, "यामा मन्हं नाव कोन्तं?" मी दाखवलं. जिनात ती अंगठा द्यायची, नाव मुकादम स्वतःच्या वहीत घालायचा. आपलं लिहिलेलं नाव तिने कधी पाहिलं नव्हतं.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं विणकाम प्रदर्शनात लागलं, त्यांच्या स्वतःच्या नावाने लागलं, आणि त्या नावाच्या वर माझ्या आईचं नाव होतं.