आईचा निळा फराटा

नवा मोठा टीव्ही भिंतीवर लागला, तशी मी आईच्या खो-खोच्या सामन्याची जुनी चित्रफीत लावली. ती मामाने भाड्याच्या कॅमेऱ्यावर घेतलेली. एवढ्या पडद्यावर सगळंच धुरकट दिसत होतं, म्हणून मी रिमोट घेऊन सेटिंगमध्ये शिरले. शार्पनेस वाढवला, तर मैदानातली माती खडीसारखी टोचू लागली आणि प्रत्येक मुलीभोवती खडूने गिरवल्यासारखी पांढरी कड आली. मग चित्र सुधारणारी दुसरी सोय चालू केली. चित्रात नसलेले बारकावे टीव्ही स्वतःच्या अंदाजाने भरू लागला आणि पळणाऱ्या आईला त्याने भलताच, मेणाचा चेहरा दिला.

"अगं, काय केलंस माझं?" आई म्हणाली. "होतं तसं कर बघू."

मी सगळं शून्यावर आणलं. माती पुन्हा मऊ झाली. पाटीवर बसलेल्या मुली तशाही बऱ्यापैकी स्पष्ट होत्या. खांबाला हात लावून आई गर्रकन वळली आणि तिच्या जागी नुसता निळा फराटा उमटला.

"इथे तर तू दिसतच नाहीस."

"कशी दिसेन? तुझ्या मामाचा कॅमेरा मागे राहिला ना!"

मी इतका वेळ ज्याला चित्राचा दोष समजून पुसत होते, तो आईचा वेग होता.

आता घरी येणारा प्रत्येक जाणकार ती फीत बघून रिमोट मागतो. मी देत नाही. म्हणते, "तो फराटा दिसतोय ना? ती माझी आई."