हात आपटला तरी सोडलं नाही

मी हात आपटला. राजवीरदादानं सोडलं नाही.

परत आपटला. हात आपटला म्हणजे हरलो, सोड. मॅटवर नीट आवाज झाला, हॉलमधल्या सगळ्यांनी ऐकला. माझा गळा त्याच्या कोपराच्या आत, त्याची छाती माझ्या पाठीवर, माझं तोंड निळ्या रबरात. त्या रबराला पोरांच्या घामाचा आणि फिनेलचा वास येतो. तेवढा एक श्वास आत गेला. पुढचा गेला नाही. कानाशी हसत तो म्हणाला, "थांबा की मामा. बघू किती टिकतासा."

मग काही ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर वर पंखा फिरत होता आणि माझी पँट ओली होती.

चोपन्न वर्षांचा माणूस. भोवती आठ-दहा पोरं. कोच माझे पाय वर धरून उभा. कुणीतरी फडकं आणलं. म्हटलं, द्या इकडं, माझं मी पुसतो. पुसलं. आणि पुसता पुसता जीभ वळवळली. म्हणालो, "इंजिन तापलं, रेडिएटरचं पाणी गेलं जरा." पोरं हसली. मीच हसवली. बाकीचं सगळं एक वेळ विसरेन, हे विसरणार नाही.

खाली गाडीपाशी आलो. राजवीरदादानं डिकीतली प्लास्टिकची मोठी पिशवी काढली आणि माझ्या सीटवर पसरली. "ह्याच्यावर बसा मामा. सीट लेदरची हाय." मी बसलो. शाहूपुरीपासून बंगल्यापर्यंत पिशवी माझ्याखाली करकरत होती आणि मागं बसून तो फोनवर मित्राला सगळं रंगवून सांगत होता. मी सिग्नल बघत होतो.

आता कुणीही विचारेल, ड्रायव्हर मॅटवर कशाला गेला? आगाऊपणानं गेला. मी त्यांच्या घरचा ड्रायव्हर. थोरल्या साहेबांचं हॉटेल आणि प्लॉटिंगचा धंदा. राजवीर त्यांचा मुलगा. शाळेत मीच सोडायचो त्याला. पुण्याला शिकायला गेला आणि येताना हे ब्राझिलियन जिउ-जित्सू घेऊन आला. नाव तोंडात बसायलाच मला आठवडा लागला. शाहूपुरीत मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावर साहेबांचा हॉल होता, तिथं बेळगावकडचा एक कोच आणून क्लास सुरू केला. मी खाली गाडीत झोपायचो. एकदा वर जोडीला माणूस कमी पडला. कोचनं खिडकीतून हाक मारली, "मामा, येताय काय वर?"

मी गारगोटीकडचा. लहानपणी तालमीत अंगाला माती लावलेला. वाटलं, ही हॉटेलात जेवणारी पोरं. दोन-चार लोळवतो आणि येऊन परत झोपतो. वर गेलो. चष्मा काढून ठेवलेल्या एका कॉलेजच्या पोरीनं माझा हात असा मुरगळला की मी तिला ताई म्हणालो.

घात केला तो तालमीनंच. आमच्याकडं पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. म्हणून खाली जायची वेळ आली की आपण पालथं पडायचं. छाती मातीत रुतवायची, हात आत घ्यायचे आणि पाठ जपायची. इथं सगळं उलटं. उताणं पडलं तर बिघडत नाही, उलट तिथून दोन्ही पायांनी समोरच्याला अडकवायचं असतं. पालथं पडलात तर मात्र तो पाठीवर बसतो आणि मागून गळा धरतो. कोच रोज सांगायचा, "मामा, उताणे व्हा." डोक्याला कळायचं. अंगाला कळायचं नाही. कुणी वर आलं की मी पालीसारखा पोट टेकून गप्प. अख्ख्या क्लासनं माझ्या गळ्यावर हात साफ करून घेतला.

तरी जात राहिलो. गुडघ्यांना तेल, बोटांना चिकटपट्ट्या, सकाळी पायात चप्पल सरकवायला भिंतीचा आधार. बायको म्हणायची, "ह्या वयात माणसं भजनाला जात्यात. तुमी पोरांच्या मांड्यांत मुंडकं घालाय जातासा." खरंच होतं तिचं. पण त्या तासाभरात "गाडी काढा" असं मला कुणी म्हणायचं नाही. ती चष्मेवाली पोरगीसुद्धा घाम पुसत म्हणायची, "मामा, आज भारी धरलंत." घरी येऊन मी ते दोनदा सांगायचो.

फक्त राजवीरदादाचं वेगळं होतं. डावाचा सराव आळीपाळीनं करतात, आधी एकानं, मग दुसऱ्यानं. त्याच्यासमोर माझी पाळी कधी यायचीच नाही. "मामा, झोपा." मी झोपायचो. "उठा." उठायचो. त्या ओल्या पँटीच्या दुसऱ्या दिवशी गाडी लावून मी खालीच थांबलो, तर जिन्यातून आवाज आला, "मामा, वर या की. कालचा डाव राहिलाय."

गेलो. हसू नका. आमची खोली बंगल्याच्या मागं, त्यांच्याच भिंतीला टेकलेली. वीज त्यांच्या मीटरवर, पाणी त्यांच्या टाकीचं. गाडी सुटली की छप्पर सुटलं. रोज गेलो. रोज हात आपटला. त्याला वाटेल तेव्हा तो सोडायचा. एकदा कोच बोलला, "राजवीर, टॅप म्हणजे टॅप. लगेच सोडायचं." तो म्हणाला, "घरचंच माणूस हाय ओ सर." कोच दुसऱ्या जोडीकडं वळला. हॉल कुणाचा ते त्यालाही ठाऊक होतं.

घरचंच माणूस. ते ऐकलं तेव्हा मी पालथाच होतो, गाल रबरावर, त्याचं सगळं वजन पाठीवर. आणि माझं मलाच दिसलं. इतकी वर्षं मी असाच पडलोय ह्यांच्या घरात. पाठ लागली नाही, म्हणजे आपण हरलो नाही, अशी समजूत काढत. गळा कुणाच्या हातात आहे ते कधी बघितलंच नाही.

पुढच्या फेरीला तो आला, खांदे धरून मला खाली ओढलं, आणि मी उताणा पडलो. आपणहून. पाठ मॅटला लागली तेव्हा लहानपणीच्या मातीत कुस्ती हरल्यासारखं वाटलं. पण पहिल्यांदाच त्याचं तोंड मला समोरून दिसलं. मी दोन्ही पाय त्याच्या कमरेभोवती घातले, मागं घोट्यात घोटा अडकवला, त्याची मान धरून खाली ओढली आणि आवळलं. दुसरं काही येतच नव्हतं.

त्यानं हिसके दिले. कोपरं रोवली. सुटेना. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मामा, पाय काढा."

"टॅप करा. काढतो."

बाजूच्या जोड्या थांबून बघायला लागल्या.

"उद्या गाडी कोण चालवणार हाय?"

"ते उद्या. आत्ता टॅप करा."

केला नाही त्यानं. वेळेची घंटा वाजली आणि मी सोडलं, कारण घंटा वाजली की सोडायचं असतं. खरं सांगायचं तर दोन्ही पोटऱ्यांत वांब येऊन पाय आखडले होते, कोचनं पाय धरून सरळ केले तेव्हा मी आईच्या नावानं बोंबललो. जिंकलो बिंकलो काही नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. चहा मागवला माझ्यासाठी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कपबशीत.

"पोरगं हाय ते. मनावर घेऊ नको. असं कर, आज वर जा, सगळ्यांसमोर एकदा त्याला टॅप कर. विषय संपला. खोली तुझीच हाय."

मी म्हटलं, "साहेब, गळा आवळला की टॅप करत्यात. मी रोज करतोय. मालकाचं मन राखाय करत न्हाईत."

"मग चावी ठेव."

ठेवली. चहा तसाच राहिला.

महिनाअखेरीस खोली सोडायची आहे. दुसरी नोकरी मिळालेली नाही, ह्या वयाचा ड्रायव्हर बघून माणसं आधी चष्म्याचा नंबर विचारतात. बायकोनं दोन दिवस आदळआपट केली. तिसऱ्या दिवशी भांडी पोत्यात भरायला लागली. कोच जिन्यात भेटला, मान खाली घालून म्हणाला, "मामा, मला तुम्हाला इथं घेता येणार नाही." मी विचारलं, दुसरीकडं कुठं? म्हणाला, वारणानगरला कामगारांची चार पोरं एका शेडात गाद्या टाकून करतात.

तिकडं जाणार आहे, एसटीनं. गुडघे दुखणार, पोरं माझ्यावर बसणार, मी रोज हरणार. चालेल. वयाची सूट मागणार नाही. पण गादीवर पाय ठेवायच्या आधी प्रत्येकाला तोंडावर सांगणार आहे: मी हात आपटला की त्याच क्षणी सोडायचं. नाही सोडलंस तर चावेन. दात अजून माझेच आहेत.