धामणीची तीन धनुष्यं

बाबांचा उजवा हात आणि बोलणं एकाच सकाळी गेलं, तेव्हा आमच्या शेडमध्ये धामणीच्या लाकडाच्या चार पट्ट्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. शहापूरकडच्या एका निवासी शाळेतल्या खेळाच्या बाईंनी मुलींच्या सरावासाठी तीन धनुष्यं सांगितली होती आणि लाकूडही धाडलं होतं. एखादं मोडलंच तर असावी, म्हणून चौथी पट्टी. बाबा सुतार. धसईच्या आसपास कितीतरी घरांची दारं, पाळणे, पाट त्यांच्या हातचे आहेत. धनुष्य करायला मात्र ते तरुणपणी ठाकूरवाडीतल्या एका म्हाताऱ्याकडून शिकले. तो नुसत्या कोयत्याने करायचा. बाबांनी त्याला रंधा आणि कानस जोडली.

दवाखान्यातून बाबांना घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "त्या बाईंना फोन कर. लाकूड परत घेऊन जा म्हनावं."

"कशाला? मी करते ना," मी म्हणाले.

दादा हसला. आईही हसली, आणि आईचं हसणं मला जास्त लागलं.

माझं वय तेव्हा अडतीस. नवऱ्याचं घर सोडून नऊ वर्षं झाली होती. मुरबाडला एका कारखान्यात पॅकिंगला जात होते. सकाळची जीप पकडायची, चारच्या सुमारास परत. शेडमध्ये मी लहानपणापासून वावरले, पण माझी कामं ठरलेली होती. भुसा झाडायचा, पॉलिशपेपर मारायचा, पटाशीला धार लावायची. माझ्यासारखी धार कुणाला लावता येत नाही, असं बाबा चारचौघांत सांगायचे. पण ती पटाशी लाकडावर चालवायचा मान दादाचा. तो दादा आता कल्याणला प्लायवूडची कपाटं करतो आणि त्याला पटाशी लागतच नाही.

मी बाईंना फोन केला नाही. पहिली पट्टी काढली आणि कामाला लागले.

आकार मला पाठ होता. मधे मूठ, तिथून दोन्ही टोकांकडे निमुळतं होत जायचं. तो जमलाही. पण धनुष्याचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. ओढल्यावर मुठीच्या वरची बाजू आणि खालची बाजू सारखी वाकली पाहिजे. कुठे एका जागी लाकूड ताठ राहिलं की त्याचा भार शेजारच्या जागेवर जातो, आणि ती जागा एक दिवस दगा देते. त्यासाठी बाबांनी भिंतीत एक खुंटा ठोकलेला होता. मूठ त्या खुंट्यावर ठेवायची, धनुष्याच्या दोरीला दावं बांधून ते खालच्या कप्पीतून ओढायचं आणि वाक बघायचा. जिथे ताठ दिसेल तिथे कोळशाची खूण करायची, खाली उतरवून तेवढंच पोटाकडून खरवडायचं, पुन्हा चढवायचं. पोट म्हणजे ओढणाऱ्याकडची बाजू. पाठीला एकदा साल काढल्यावर हात लावायचा नाही.

मी घाई केली. एका गाठीपाशी ताठ वाटलं म्हणून रंधा दाबून मारला. दोरी ओढली, बघितलं, अजून थोडा मारला. तिसऱ्या खेपेला कडाड आवाज झाला आणि अर्धं धनुष्य वरच्या पत्र्यावर जाऊन आदळलं.

पडवीतल्या खाटेवरून बाबा ओरडले, "नाय!"

बाबांकडे तेवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवं तरी नाय, कूस बदलायची तरी नाय, कुणी आलेलं आवडलं तरी नाय. डॉक्टर म्हणाले होते की असं होतं कधीकधी. काय म्हणायचंय ते आम्ही आवाजावरून ओळखायला शिकत होतो.

आई धावत आली. तुकडे बघून म्हणाली, "झालं समाधान? आता तरी ठेव गो."

मी तुकडे उचलले, पडवीत गेले आणि बाबांची खाट धरून फरफटत शेडकडे ओढायला लागले.

"अगो, भुशात ठेवतेस का मानसाला?"

"चाळीस वर्षं भुशातच होते ते," मी म्हणाले. खाटेचे दुसरे दोन पाय शेवटी तिलाच धरावे लागले.

मोडलेला तुकडा मी बाबांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी अंगठा गाठीवरून फिरवला, मोडलेल्या कडेवर थांबवला आणि हळूच म्हणाले, "नाय, नाय." रागावून नव्हे, चूक दाखवताना म्हणतात तसं. मग दोन बोटं गाठीच्या दोन्ही अंगांना ठेवली. मला कळलं. गाठीभोवती लाकूड जास्त ठेवायचं, ती जागा थोडी ताठ दिसली तरी चालेल.

दुसऱ्या पट्टीपाशी अडचण वेगळीच आली. दोरीपाशी उभं राहून वाक नीट दिसत नाही, लांबून बघावा लागतो. म्हणजे ओढायला दुसरं माणूस हवं. आईला म्हटलं, तर ती दोन दिवस फिरकली नाही. "लोक काय म्हनतील, नवरा पडलाय आनि ही धनुष्य ओढते!" तिसऱ्या दिवशी बाबा तिच्याकडे बघत आणि दोरीकडे मान हलवत राहिले, तेव्हा ती पदर खोचून आली. कप्पीतून ओवलेलं दावं बाबांनी म्हसा गावच्या जत्रेतून बैलासाठी आणलेलं. आईने ते अशा सावकाशीने ओढलं, की मी बघतच राहिले. जन्मभर विहिरीचं पाणी ओढलेले हात ते, कुठे हिसका नाही.

"खालची बाजू ताठ हाय," आई वर न बघताच म्हणाली.

"तुला तिथून कसं दिसतंय?"

"दिसत नाय. दोरी त्या अंगाला सरकते."

खरंच सरकत होती.

त्यानंतर रोज जीपमधून उतरले की हात धुऊन मी शेडमध्ये. कानशीचे दहा हात मारायचे, नंतर फुटक्या काचेने खरवडायचं, मग आईने वीसदा ओढायचं, म्हणजे लाकडाला नवी सवय लागते. खालची बाजू वळणावर आली की वरची ताठ दिसायची. वरची सुधारली की पुन्हा खालची. बाबा खाटेवरून बघायचे. फार खरवडलं तर नाय, थांबले तरी नाय. दोन्ही वेगळे ऐकू यायला मला आठवडा लागला. एके संध्याकाळी धनुष्य वाकलं आणि दोन्ही टोकं एका रेषेत आली. बाबा काहीच बोलले नाहीत. मी खाली बसले आणि हसले, मोठ्याने, एकटीच.

दुसरं धनुष्य अर्ध्यावर होतं, तेव्हा रविवारी दादा टेम्पो घेऊन आला.

"शेड रिकामी करायची. सिमेंटवाल्याला भाड्याने द्यायची ठरलीय."

"कोनी ठरवलं?"

"मी. घर कसं चालनार? तुझा पॅकिंगचा पगार किती?"

"मला विचारायचं तरी होतंस. मी राहते हितं."

"तू आज हितं, उद्या आनखी कुठं. तुझं काय खरं?"

नऊ वर्षं मी त्या घरासाठी भात लावला, कापला, घराचा पत्रा बदलला, बाबांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. आणि माझं काय खरं! मी दारात उभी राहिले. हातात कानस होती ती तशीच. "मी सरकनार नाय," म्हणाले. "टेम्पो रिकामा आला तसा जाईल."

दादाने मला बाजूला केलं. ढकललं असं म्हणणार नाही, पण केलं बाजूला. टेम्पोवाल्याने कामाचा बाक एका टोकाने उचलला. बाबांची खाट शेजारीच होती. त्यांनी डाव्या हाताने बाकाचा पाय पकडला.

"नाय!"

"बाबा, तुमच्यासाठीच करतोय."

"नाय! नाय! नाय!"

तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळ्यांत पाणी, पण पकड सुटेना. टेम्पोवाल्याने बाक आपणहून खाली ठेवला. आई दावं हातात घेऊन उभी होती. ती दादाला म्हणाली, "जेवून जा. पन शेड ऱ्हाऊ दे."

दादा जेवला नाही. रंध्याचं मशिन त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेलं होतं, ते न्यायला लागला. "तुझं हाय, ने," म्हणत मी दुसऱ्या बाजूने हात दिला. उरलेलं काम हातरंध्याने केलं. खांदे भरून आले, पण मशिनपेक्षा लाकूड बरं कळायला लागलं, हेही सांगते.

तिन्ही धनुष्यं जुन्या लुगड्यात गुंडाळून मी मुरबाडहून एसटीने निघाले. सरळगाव, किन्हवली करत शहापूर. बाईंनी मैदानावरच गाठोडं सोडलं. शेजारी शाळेतले एक सर उभे होते. बाबा आजारी असल्याचं त्यांना कळलेलं होतं.

"मग ही केली कुणी?"

"मी."

"तुम्ही?" त्यांनी एक धनुष्य उचलून पुन्हा ठेवलं. "ओढताना मुलीच्या तोंडावर मोडलं तर?"

प्रश्न चुकीचा नव्हता. विचारण्याची तऱ्हा मला आवडली नाही. मी धनुष्याला दोरी चढवली आणि गालापर्यंत ओढलं. हळूच मागे सोडलं. पुन्हा ओढलं. वीस वेळा, माझ्याच तोंडासमोर. दुसरंही वीस वेळा. तिसरं ओढतानाही विसाच्या आत थांबले नाही. "हे तिसरं थोडं हलकं झालंय," बाईंना सांगितलं. "खालच्या बाजूने फार दमवलं. लहान मुलीला द्या."

बाईंनी एका मुलीला बोलावलं. ती आठवीतली असेल. तिने बाण लावला, ओढला, सोडला. बाण पेंढ्याच्या भाऱ्यात घुसला, मधोमध नाही, जरा डावीकडे. ती दुसरा बाण घ्यायला धावली.

बाईंनी प्रत्येक धनुष्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायला घेतली. चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवलेल्या होत्या. वर ‘बनवणारा’ आणि पुढे बाबांचं नाव. मी पेन मागितलं. बाबांचं नाव एकदा वाचलं, मग खोडलं. दुसऱ्याने केलेल्या कामावर बाबांनी कधी आपलं नाव घालू दिलं नव्हतं. मी माझं लिहिलं. मग ‘बनवणारा’तल्या ‘रा’चा काना खोडून त्याची ‘री’ केली. तिन्ही चिठ्ठ्यांवर.

सर बघत होते.

"चुकलं होतं," मी म्हणाले आणि बाईंचं पेन परत दिलं.