सुताला विचारून दिलेली तारीख

"थांबा, सुताला विचारू द्या," असं म्हणून चाचा खिडकीत ठेवलेल्या सुताच्या तीन कांड्यांकडे बघायचे. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा आपल्याला टोलवतोय.

लढाईचे दिवस होते. सूत कंट्रोलवर, सरकार देईल तेवढंच मिळायचं. संगमनेरात चाचांचे चार हातमाग होते आणि मी त्यांच्याकडे ऑर्डरी लिहून घ्यायचो. खिडकीतली पांढरी कांडी म्हणजे घरात असलेलं सूत, लाल म्हणजे नगरहून मोटारीनं येणारं आणि काळी म्हणजे कंट्रोलवाल्यानं नुसतंच कबूल केलेलं. पांढरीवर चाचा वार सांगायचे, लालवर पंधरवडा सांगायचे आणि काळीवर दाढी कुरवाळत गप्प बसायचे. ही गप्प बसायची कला मला शेवटपर्यंत जमली नाही.

एकदा पठारावरच्या गावातून नाना नावाचे शेतकरी आले. थोरल्या मुलीचं लग्न नऊ दिवसांवर, आणि पाच लुगडी हवी होती.

चाचांनी कांड्या न्याहाळल्या. "तीन हळदीच्या आदल्या दिवशी घेऊन जा. दोन लग्नानंतर आठ दिवसांनी."

"लगीन झाल्यावर काय करायची मला? विहिणीपुढं नाक कापून घेऊ व्हय?"

नाना तरातरा उठून समोरच्या कारखान्यात गेले. तिथं पाचही लुगड्यांचा वायदा हसत हसत मिळाला. मी भडकलोच. "चाचा, हो म्हणायला तुमचं काय जात होतं?"

"मुन्शी, तो मोटारीवरचं सूत मोजतोय. तेच मी मोजतो, सगळी पेठ मोजती. गठडी एकच हाय."

आणि त्याच दुपारी ऑर्डर नसताना त्यांनी तीन लुगडी मागावर चढवली. म्हातारा हट्टाला पेटलाय, असं मी मनात म्हटलं.

हळदीच्या आदल्या दिवशी नाना आले ते मान खाली घालूनच. मोटारीवरचं सूत समोरच्याला मिळालंच नव्हतं, एकही लुगडं तयार नव्हतं. चाचांनी तिन्ही लुगडी पुढं ठेवली आणि चहा मागवला. एका शब्दानंही टोचलं नाही. उरलेली दोन ठरल्या दिवशी नानांच्या घरी पोचली. मला माझ्या हुशारीची फार लाज वाटली.

दोन वर्षांनी नानांच्या धाकटीचं लग्न निघालं. दोन लुगडी हवी होती. चाचा तेव्हा खोकल्यानं खाटेवर पडून होते. नाना उशाशी बसले. "चाचा, तुमी म्हनाल ती तारीख."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सूत सगळं घरात आहे. शुक्रवारी होतील."

"सोमवार लिही."

नाना गेल्यावर मी विचारलं, "सूत घरात, कारागीर हजर. मग हे तीन दिवस कशाला?"

"माझ्यामागं तीन दिवस माग बंद राहतील की रे. मंगळवारी लगीन हाय त्यांच्यात. सोमवार चुकायला नको."

"काहीतरीच बोलू नका," म्हणून मी ओरडलो. चाचा दाढी कुरवाळत राहिले.

बुधवारी सकाळी चाचा गेले. तीन दिवस माग बंद राहिले. शनिवार-रविवार कारागिरांनी मान वर केली नाही.

सोमवारी नाना आले तेव्हा लुगडी बांधून तयार होती. गाठोडं हातात घेत त्यांनी विचारलं, "चाचा बरे हायत न्हवं?"

सोमवार का लिहिला होता, ते मी त्यांना सांगितलं. नाना गाठोडं मांडीवर घेऊन मागासमोर खालीच बसले.